बेडूकखोलीची हवा : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

नॉर्थ कॅरोलायना, रॅलीजवळचं कॅरी. घर १९९९ सालचं, दोन मजली. खालच्या मजल्याचं यंत्र वेगळं, ते कुरकुर करत नाही. वरच्या मजल्याचं यंत्र ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, आडवं ठेवलेलं : अडीच टनाचा एसी, सोबत हिवाळ्यात हवा तापवणारी गॅसची फर्नेस, दोघांचा पंखा एकच. भानगड सगळी याची.

गराजवर जी खोली असते तिला इकडचे लोक ‘फिनिश्ड रूम ओव्हर गराज’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून ‘फ्रॉग’ म्हणतात. आमच्या धाकटीने तिचं ‘बेडूकखोली’ केलं आणि तेच नाव राहिलं. बाबा मेअखेरीस इचलकरंजीहून आले, त्यांना हीच खोली दिली. आज दुपारी तीनला तिथे ८३ फॅरनहाइट आणि खोलीबाहेरच्या बोळात ७४. बाबा गंजीफ्रॉकवर, हातात जाहिरातीचं पुठ्ठं घेऊन वारा घालत बसलेले. म्हणाले, “एवढं डॉलर देतोस, आणि वारा कागदाचाच?”

या वेळी नोंदी ठेवायच्या ठरवल्या. मागच्या दोन उन्हाळ्यांत काय काय केलं ते आता आठवतही नाही. एवढं आठवतं की बोळातल्या बाथरूमची आणि पाहुण्यांच्या खोलीची जाळी, जिच्यातून गार हवा खोलीत येते ती, बंद केली होती, म्हणजे उरलेली हवा बेडूकखोलीकडे जाईल. गेली नाही. जाळ्या अजून बंदच आहेत.

१९ जून

तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. पहिला ॲटिकच्या शिडीवर अर्धा चढला, वर टॉर्च मारला आणि साडेतीन टनाचं यंत्र सुचवलं : ११,४०० डॉलर. दुसराही साडेतीन टनच, १२,९०० डॉलर, वर फुकट थर्मोस्टॅट. तिसरा म्हणाला, “या खोल्या अशाच असतात, खिडकीत एक छोटा एसी लावा.” तिघांपैकी एकानेही कसलंच माप घेतलं नाही. मला खटकलं ते एवढंच. शर्ट शिवायला गेलो तरी शिंपी टेप काढतो.

बाबांचं मत वेगळं. सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली. हवा कमी पडली की पुली बदलायची, पंखा जोरात फिरवायचा, हा त्यांचा अनुभव. “यंत्र ठेव, पंखा वाढव.” उघडून पाहिलं तर पंखा आधीच सगळ्यात वरच्या स्पीडवर.

२२ जून

डिजिटल मॅनोमीटर आला. दोन रबरी नळ्या, एक छोटा पडदा. पंख्याला हवा ओढताना आणि ढकलताना किती जोर लावावा लागतो ते हा सांगतो, पाण्याच्या इंचांत. पेल्यात स्ट्रॉ बुडवून पाणी अर्धा इंच वर ओढायला जेवढं चोखावं लागेल, तेवढा म्हणजे ०.५ इंच. आमच्या फर्नेसच्या पाटीवर कमाल ०.५ लिहिलंय. खेळ एवढ्याशा जोराचाच, म्हणून प्रत्येक वाकण महाग पडतं.

पत्र्याला दोन भोकं पाडली. एक फिल्टरनंतर, पंख्याच्या आधी. दुसरं फर्नेस आणि कॉइल, म्हणजे एसीचा हवा गार करणारा नळ्यांचा गठ्ठा, यांच्या मधे. दुसरं पाडताना हात थरथरत होता, कारण ड्रिल कॉइलमध्ये घुसलं तर एसीचा गॅस (रेफ्रिजरंट) बाहेर आणि अकरा हजारांचा कोटेशनवाला आत. पाच-सहा वेळा मोजून, ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून, अर्धा इंचच आत जाऊ दिलं.

ओढण्याची बाजू : ०.४२
ढकलण्याची बाजू : ०.४६
एकूण : ०.८८

फर्नेसच्या दाराआड पंख्याचा तक्ता चिकटवलेला असतो, किती दाबाला किती हवा. तो ०.८ ला संपतो, तिथे ७९० सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. आमचा दाब तक्त्याच्या बाहेरच, म्हणजे हवा त्याहून कमी, ७५० धरू. टनाला साधारण ४०० या हिशेबाने अडीच टनाला हजार हवेत. एसी अडीच टनाचा, पण त्याच्या नाकातून पावणेदोन-दोन टनाचीच हवा जातेय. साडेतीन टनाचं यंत्र याच डक्टवर, म्हणजे हवा वाहणाऱ्या याच नळांवर, बसवलं असतं तर त्याला चौदाशे लागले असते. ते कुठून येणार होते?

फिल्टर काढून पुन्हा मोजलं : ०.७१. बायकोला परागकणांचा त्रास, म्हणून मीच गेल्या वर्षी एक इंची मर्व्ह-१३ (बारीक धूळही अडवणाऱ्या प्रतीचा) फिल्टर आणला होता. एकटा तो ०.१७ खातोय.

त्या दोन बंद जाळ्या उघडून मोजलं तेव्हा एकूण दाब थोडा उतरला. बंद जाळीने हवा दुसरीकडे वळते त्याहून जास्त अडते, आणि सांध्यांतून ॲटिकमध्ये गळते. आता सगळ्या उघड्या. आणखी दोन उन्हाळे आधी उघडायला हव्या होत्या.

२३ जून

प्रत्येक जाळीतून किती हवा येते ते मोजायचं उपकरण महाग असतं. कॅनडाच्या गृहनिर्माण संस्थेने, सीएमएचसीने, घरगुती युक्ती प्रसिद्ध केली होती : कचऱ्याची पिशवी तारेच्या कड्यावर ताणायची, चपटी करून जाळीवर धरायची, फुगायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. माझी पिशवी ३९ गॅलनची, म्हणजे ५.२ घनफूट. धाकटीकडे स्टॉपवॉच, बाबांकडे वही, मी खुर्चीवर.

बेडूकखोलीत दोन जाळ्या. दोन्हीकडे सात सेकंद. मिळून ९० सीएफएम.

आमच्या बेडरूमच्या बाथरूममध्ये पिशवी दोन सेकंदांत टम्म. १५६! दात घासायच्या जागेला आख्ख्या बेडूकखोलीच्या पावणेदोन पट हवा. कारण साधं : तो डक्ट प्लेनमच्या, म्हणजे ज्या पेटीतून सगळे डक्ट फुटतात तिच्या, तोंडाशी, सहा फूट लांब, सरळ.

अकरा जाळ्यांची बेरीज ६१०. पंखा ७५० टाकतोय, तर १४० कुठे गेले? ॲटिकला थंड करायला. एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाचे लोक म्हणतात की साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. आम्ही अगदी सरासरी कुटुंब निघालो.

२९ जून

पहाटे पावणेसहाला ॲटिक. दुपारी तिथे १३१ फॅरनहाइट मोजलंय, म्हणजे ५५ सेल्सियस. आठनंतर वर थांबणं शहाणपणाचं नाही. जे दिसलं ते लिहून ठेवतो.

बेडूकखोलीचा डक्ट आठ इंची फ्लेक्स, म्हणजे लवचीक नळ, बत्तीस फूट. प्लेनमच्या अगदी टोकाच्या झाकणातून काढलेला, पुढे एका लाकडाच्या तुळईवरून असा टाकलेला की दोरीवरच्या चादरीसारखा दोन्हीकडे लोंबतोय. तुळईवर दाबून चपटा, हाताने चाचपलं तर उंची पाच इंच भरेल. टोकाला तो वाय जोडणीने दोन सहा इंची तुकड्यांत फुटतो. फ्लेक्सला जास्तीत जास्त चार फुटांवर आधार हवा आणि झोळ फुटामागे अर्ध्या इंचाच्या आत. इथे बारा फुटांत एक पट्टी, तीही अरुंद, डक्टच्या अंगात रुतलेली.

खोल्यांतली हवा यंत्राकडे परत यायचा रस्ता एकच. बोळाच्या छताला एक २० बाय २० ची जाळी, तिच्यामागे चौदा इंची फ्लेक्स. नीट ताणलेला असला तरी तो फार तर आठशे वाहील, आणि हा ताणलेला नाहीच. जाळीमागची पेटी पत्र्याची नाहीच, नुसत्या लाकडी चौकटीचा पोकळ खोका. एका कोपऱ्यातून ॲटिकचा उजेड आत दिसत होता.

सांध्यांवर करड्या कापडी टेपचे पट्टे, वाळून केळीच्या सालीसारखे वळलेले, दोन तर गळून पडलेले. या टेपचं इंग्रजी नावच ‘डक्ट टेप’, आणि नेमकं डक्टवरच ती टिकत नाही. १९९८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयन वॉकर यांनी निरनिराळे सीलंट गरम-गार करून तपासले, त्यात ही कापडी टेप सपशेल नापास झाली होती. आमचं घर त्यानंतरच्या वर्षी बांधलंय.

खाली उतरल्यावर बाबांनी पहिला प्रश्न केला : “जाती कुठनं ते बघितलास. परत येती कुठनं?” गिरणीत खात्याच्या जमिनीखालून परतीच्या हवेचे खंदक असतात, त्यावर लोखंडी जाळ्या. पुढून जितकी द्यायची तितकी खालून ओढायची. मी म्हटलं, बोळातून. “आणि दार लावलं की?”

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

३० जून

मॅनोमीटरची एक नळी दाराखालून आत सारून, दार लावून पाहिलं. बेडूकखोली बोळापेक्षा ९ पास्कल वर. आमची बेडरूम १४. नव्या घरांना एनर्जी स्टारची मर्यादा ३ पास्कलच्या आसपास आहे. पाण्याचा एक इंच म्हणजे २४९ पास्कल, तेव्हा १४ हा आकडा चिल्लर वाटतो. पण दार आपोआप लागतं, हात सोडला की फटकन. आजवर मला वाटायचं बिजागरी ढिली आहे.

तीस इंची दाराखाली पाऊण इंच फट असली तर ३ पास्कलला जेमतेम चाळीस सीएफएम जातात. आमच्या फटीत तर गालिचा घुसलाय. म्हणजे खोली फुगते, आतली गार हवा खिडक्या-भिंतींच्या भेगांतून बाहेर, आणि बोळातली जाळी उपाशी राहून त्या लाकडी खोक्याच्या भेगेतून ॲटिकची गरम हवा गिळते.

दाराखालच्या गालिच्यावर एक काळी रेघ आहे, दाराच्या रुंदीएवढी, पट्टीने आखल्यासारखी. बायको दोन वर्षं ती घासतेय. बाबांना वाटलं निरांजनाची काजळी. खरं तर गालिचा फिल्टरचं काम करतोय. त्या चिंचोळ्या फटीतून हवा जोरात निसटते आणि धूळ धाग्यांत अडकते. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी एवढे दिवस तुमचा डक्ट घासत होते.”

४ जुलै

सुट्टी. बाहेर फटाके, आत हिशेब. आधी घराला किती थंडावा लागतो : भिंती, खिडक्या, दिशा, इन्सुलेशन, माणसं. इथे त्या रीतीला मॅन्युअल जे म्हणतात, आणि डक्टच्या मापांना मॅन्युअल डी. सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले. वरच्या मजल्याची गरज २.२ टन. यंत्र पुरेसं आहे, हे आता कागदावर.

बेडूकखोलीचा वाटा २२० सीएफएम. तीन बाजूंनी बाहेरची भिंत, खाली गराज, वर छप्पर.

ठरलं ते असं. बेडूकखोलीच्या दोन जाळ्यांना दोन स्वतंत्र आठ इंची डक्ट. परतीचा दुसरा रस्ता : बारा इंची, पुढे फुटून बेडूकखोलीला दहा इंची आणि आमच्या बेडरूमला आठ इंची. बाकीच्या दोन खोल्यांच्या छतातून बोळाच्या छतात दहा इंची आखूड डक्ट, नुसता हवेला पलीकडे जायला पूल. फिल्टर बोळातून काढून फर्नेसपाशी चार इंच जाडीचा. मर्व्ह-१३च, पण घड्यांमुळे कागद कितीतरी पट, म्हणून दाब कमी. वर्षातून दोनदा शिडी चढायची, बास. नव्या डक्टचं इन्सुलेशन आर-८ (आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त अडते), ॲटिकसाठी नियमच तसा आहे.

गॅस आणि रेफ्रिजरंटला हात लावायचा नाही.

६ जुलै

उदबत्ती घेऊन ॲटिकमध्ये. पंखा चालू, प्रत्येक सांध्याजवळ धूर. पुरवठ्याच्या बाजूला धूर फेकला जातो, परतीच्या बाजूला आत खेचला जातो. बोळाच्या खोक्यापाशी धुराची रेघ सरळ भेगेत गेली, दोऱ्याने ओढल्यासारखी. पाच मिनिटांनी खालून धाकटी ओरडली, “पूजा कोण करतंय?” सगळ्या खोल्यांत चंदन.

१३ जुलै

सांधे बुजवायला मॅस्टिक, म्हणजे वाळून घट्ट होणारा लेप, लावलं. एक गॅलनचा डबा, दाट, शिऱ्यासारखं. आधी स्क्रू, मग रुंद सांध्यावर जाळीची पट्टी, मग मॅस्टिक, नाण्याएवढा जाड थर. ब्रशपेक्षा हातमोजा बरा. लाकडी खोक्याला आतून पत्रा मारून सगळे कोपरे भरले. दोन शनिवार गेले, पाठ गेली, आणि जाळ्यांची बेरीज ६१० वरून ६८५ झाली. अजून एकही डक्ट बदललेला नाही.

२० जुलै

फर्नेसच्या तोंडाशी परतीची पेटी हवी : एका बाजूला फिल्टरचं घर, दुसऱ्या बाजूला दोन तोंडं. दुकानात या मापाची मिळेना. बाबा म्हणाले, पत्रा आण.

२६ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणला (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ). त्यांनी बोटाने वाजवून पाहिला. “आमच्याकडं चोवीसचा वापरायचो. हा कागद हाय.” गराजमध्ये टेबलाच्या कडेला अँगल आवळला, खिळ्याने रेघ मारली, लाकडी हातोडा. पत्रा एकदम मुरडायचा नसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके ठोके देत जायचं, पुन्हा परत यायचं, तिसऱ्या फेरीला काटकोन. मी एक कड मुरडली, ती लाटेसारखी झाली. त्यांनी काही न बोलता ती कापून टाकली आणि नवीन पट्टी काढली.

माझ्या चित्रात पेटीचा कोपरा काटकोनी होता. त्यांनी आतल्या बाजूला पत्र्याची गोल पट्टी बसवली. हवेला काटकोनात वळवलं की ती समोर आपटते, कोपऱ्यात घुटमळते, आणि तेवढ्या वळणाचा खर्च कित्येक फूट सरळ डक्टएवढा होतो. मॅन्युअल डी मध्ये याची कोष्टकं आहेत, पण त्यांनी ती पाहिलेली नाहीत.

हाताला तीन ठिकाणी कापलं, माझ्याच. चार वाजता चहा.

२७-२८ जुलै

पेटी, फिल्टर आणि परतीचा नवा रस्ता बसला. पहाटे साडेपाच ते नऊ, मग उरलेलं रविवारी. ओढण्याची बाजू ०.४२ वरून ०.२१. फिल्टर धरून! पंख्याचा आवाज बदललाय. आधी दम लागल्यासारखा यायचा.

३ ऑगस्ट

आज माझी चूक.

बेडूकखोलीचा जुना डक्ट सरळ करून एका जाळीला दिला, डक्ट आणि जाळी जोडणारे पत्र्याचे बूट सहाचे काढून आठचे. दुसऱ्या जाळीला नवा डक्ट, प्लेनमच्या बाजूच्या भिंतीतून. अंतर सतरा फूट. फ्लेक्स खोक्यात पंचवीस फुटांचा येतो. आठ फूट कापून फेकायचे जिवावर आलं, “असू दे, मागंपुढं उपयोगी पडेल” म्हणून सगळा टाकला, छान वळण देऊन. पिशवी : ४.६ सेकंद, ६८ सीएफएम. अपेक्षा शंभरची.

दोन तास प्लेनम, डॅम्पर (हवा अडवायची झडप), बूट तपासत बसलो. शेवटी कळलं की फ्लेक्सच्या आत तारेचं स्प्रिंग आणि पातळ अस्तर असतं. ताणला नाही तर अस्तराच्या चुण्या पडतात, आणि हवा प्रत्येक चुणीला घासते. बाहेरून डक्ट गुबगुबीत, देखणा दिसतो. आठ फूट कापले, दोघांनी दोन टोकं धरून ओढला, चार-चार फुटांवर दीड इंची पट्ट्यांनी टांगला. पिशवी : ३.४ सेकंद, ९२.

कापलेले आठ फूट गराजमध्ये ठेवलेत. फेकवत नाहीत.

८ ऑगस्ट

डेबी वादळाचा पाऊस. काम बंद. छप्पर गळत नाही, एवढं ॲटिकमध्ये बसून पाहिलं.

१७ ऑगस्ट

एका तंत्रज्ञाला बोलावून कॉइल साफ करून घेतली. या माणसाने स्वतःचा मॅनोमीटर काढला, तेव्हाच मी चहा टाकला. बाथरूमच्या डक्टमध्ये प्लेनमजवळ डॅम्पर बसवून तो अर्ध्याहून जास्त बंद केला. अडवायचंच असेल तर खोलीतल्या जाळीपेक्षा इथे, म्हणजे शिट्टी वाजत नाही.

एकूण दाब : ०.५८ (ढकलण्याची ०.३७, ओढण्याची ०.२१)
तक्त्याप्रमाणे पंख्याची हवा : ९६० च्या आसपास
बेडूकखोली : १०४ आणि १०४, मिळून २०८
दार लावून : बेडूकखोली २ पास्कल, आमची बेडरूम ३

०.५ गाठलं नाही. प्लेनम लहान आहे, तो बदलायचा तर फर्नेस हलवावी लागेल. तूर्त सोडून दिलं. दुपारी बेडूकखोली ७७, बोळ ७५. खर्च आजवर ७४० डॉलर, कॉइलसकट.

७ सप्टेंबर

गणपती. पंचवीस माणसं, खाली मोदकांचे दोन कुकर, आणि सगळी पोरं बेडूकखोलीत दार लावून. रात्री दहाला हळूच डोकावलो. आठ जणं, ७६ फॅरनहाइट. एका पोराने पांघरूण मागितलं. बाबांना मुद्दाम उठवून सांगितलं.

एका पाहुण्याच्या घरी हाच त्रास आहे, बेडूकखोलीच. त्याच्याकडे साडेतीन टनाचं नवं यंत्र बसवून झालंय. मॅनोमीटर घेऊन गेलाय तो.

१६ नोव्हेंबर

पहिली खरी थंडी. गेल्या जानेवारीत फर्नेस मधेच बंद पडायची आणि बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा. तेव्हा कोणीतरी लिमिट स्विच, म्हणजे फर्नेस फार तापली की ती बंद करणारा स्विच, बदलून दिला होता. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पाटीवर लिहिलंय, फर्नेसमधून जाताना हवा ३५ ते ६५ अंशांनी तापावी. तेव्हाच्या वहीत फरक ७२ लिहिलेला सापडला. हवा कमी म्हणून ती जास्त तापायची, आणि स्विच इमानेइतबारे आपलं काम करायचा. आज फरक ५७. बोर्डावरचा दिवा शांत.

बेडूकखोली मात्र रात्री ६४, बोळ ६९. जाळ्या छताला, गरम हवा वरच तरंगते, आणि पायाखालची जमीन गार. पायांनी चालत गेलं की गार पट्टा कुठे सुरू होतो ते नेमकं कळतं, गराजच्या दाराच्या वरच्या बाजूला. हवा पुरेशी येतेय, पिशवीने पुन्हा पाहिलं. तेव्हा हे डक्टचं नाही, गराजच्या छतातलं इन्सुलेशन जमिनीला चिकटून न राहता खाली उतरलं असणार.

३० नोव्हेंबर

गराजच्या छताला एक फूटभर चौकोन कापून पाहिला. इन्सुलेशन सहा इंच खाली, वर नुसती पोकळी, आणि कडेला एका फळीच्या भेगेतून वारा. फळीवर तीच काळी धूळ.

बाबा पुढच्या आठवड्यात निघतात. आज ॲटिकमध्ये जाऊन त्यांनी पेटीवर मार्करने फिल्टर बदलल्याची तारीख लिहिली, खाली पुढची तारीख, आणि शेजारी बाण : हवा कुठून कुठे. मी म्हटलं, बाण कशाला, मला माहितीय की. म्हणाले, “तुला न्हवं. तुझ्यानंतर येणाऱ्याला.”

गराजचं छत ७ डिसेंबरनंतर. फळ्या आणि फोम आणायचाय, आणि ते आठ फूट अजून तिथेच पडलेत.